छत्तिसाव्या वर्षी बीएड, आणि प्रश्न विचारून थांबायला शिकणं

२००७ ला मी बीएस्सी झाले, गणित घेऊन. माझ्याबरोबरच्या चौघी-पाचजणींनी त्याच वर्षी बीएडला नंबर लावला, तेव्हा बीएड एका वर्षाचंच होतं, मीपण फॉर्म आणून ठेवलेला पण दिवाळीनंतर स्थळ आलं आणि २००८ च्या मे महिन्यात लग्न होऊन तासगावला आले. आमचे हे बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये हिशोब बघतात. २०१० ला लेक झाली, २०१४ ला मुलगा. शिक्षिका व्हायचं मनात होतंच पण रोजच्या धबडग्यात ते कुठंतरी तळाला गेलं, त्याबद्दल माझी कुणावर तक्रार नाही.

परत वर आलं ते लॉकडाऊनमध्ये. शाळा बंद, मोबाईल घरात एकच, त्यामुळं गल्लीतली पोरं आमच्या सोप्यात येऊन बसायची, आधी दोघं-तिघं मग अकरा झाली. मी गणित घ्यायचे. एकदा सातवीतल्या एका पोरीनं विचारलं, काकू ऋण गुणिले ऋण धन का येतं? मी म्हणाले नियमच आहे तो. तिनं मान हलवली आणि वहीत लिहून घेतलं, आणि मला दिवसभर चैन पडेना, कारण पदवीला तीन वर्षं गणित करूनसुद्धा मला ते का हे माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी त्या पोरीला कसं सांगायचं हे तर त्याहून माहीत नव्हतं. त्याच रात्री मी ह्यांना म्हणाले मला बीएड करायचंय. ते म्हणाले कर की, पण दोन वर्षं आहेत आता, घराचं कसं करायचं ते आधी आईशी बोल.

आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. आत्याबाई चौथी शिकलेल्या. त्यांना मी सगळं सांगितलं, कॉलेज सांगलीला मिळालं तर रोज जाऊन-येऊन करायचं, सकाळचं सगळं मी आवरून जाईन, संध्याकाळी यायला साडेसहा-सात होतील. त्यांनी फक्त विचारलं, "पोरं दुपारी शाळेतनं आल्यावर काय खायचं ते रोज सांगून जाशील का?" तेवढंच. मी म्हणाले सांगून जाईन. आणि दोन वर्षं रोज सांगून गेले.

२०२२ च्या सीईटीचा, म्हणजे बीएडच्या प्रवेश परीक्षेचा, फॉर्म लेकीनं भरून दिला, ती तेव्हा सातवीत. ज्यांना अजून द्यायचीय त्यांच्यासाठी सांगते, मी दिली तेव्हा शंभर प्रश्न आणि नव्वद मिनिटं होती, त्यात बुद्धिमत्तेचे ४०, सामान्यज्ञानाचे ३० आणि शिक्षक अभियोग्यतेचे ३०, निगेटिव्ह मार्किंग नाही. परीक्षा कॉम्प्युटरवर. मला माऊस धरायची सवय नव्हती म्हणून आधी दोन दिवस नेटकॅफेत जाऊन नुसते क्लिक करून बघितले. बुद्धिमत्तेची तयारी रात्री भांडी झाल्यावर करायचे, दिशा, नातेसंबंध, संख्यामालिका, आणि खरं सांगते, पंधरा वर्षांनी डोकं पुन्हा चालायला लागलं याचा एवढा आनंद व्हायचा की झोप यायची नाही.

परीक्षेपेक्षा जास्त घाम कागदपत्रांनी काढला. माझी दहावी, बारावी, पदवी सगळं माहेरच्या नावावर आणि आधार कार्ड सासरच्या नावावर. नावात बदल असेल तर विवाह नोंदणीचा दाखला लागतो किंवा राजपत्रात छापून आणायला लागतं, आणि आमच्या लग्नाची नोंदणीच केलेली नव्हती. चौदा वर्षांनी नोंदणी करायची म्हणजे लग्नपत्रिका पाहिजे, लग्नातला फोटो पाहिजे, तीन साक्षीदार पाहिजेत आणि ज्या भटजींनी लग्न लावलं त्यांची सही पाहिजे. भटजी थकलेले, त्यांच्या गावी जाऊन सही आणली. पत्रिका आत्याबाईंच्या ट्रंकेत सापडली, हळदीचे डाग पडलेली. त्याशिवाय गॅपचं प्रतिज्ञापत्र, की मधल्या पंधरा वर्षांत मी कुठंही शिक्षण घेतलेलं नाही. नोटरीसमोर त्यावर सही करताना मला जरा भरून आलं. तर कुणाला दोन-तीन वर्षांनी जरी परत शिकायचं असेल तरी नावाचं काम आजच करून ठेवा, कॅप राऊंडच्या, म्हणजे प्रवेशाच्या फेऱ्यांच्या, तारखा कुणासाठी थांबत नाहीत.

दुसऱ्या राऊंडला सांगलीचं कॉलेज लागलं. पहिला हप्ता मी भिशीतनं भरला, नंबर लवकर काढून घेतला होता.

वर्गात बहुतेक बावीस-तेवीसची पोरं-पोरी, माझ्याएवढ्या आम्ही तिघी. त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला ताई करून टाकलं आणि ते शेवटपर्यंत तसंच राहिलं. त्यांना टाइप करायला, पीपीटी बनवायला पटापट जमायचं, मला फळ्यावर सरळ रेषेत लिहायला जमायचं, असं आमचं देवाणघेवाणीवर चाललेलं. दिनक्रम असा की साडेचारला उठायचं, भाकऱ्या-भाजी, चार डबे, साडेनवाची एसटी, संध्याकाळी परत, स्वयंपाक, पोरांचा अभ्यास आणि मग दहानंतर पाठाची टाचणं, म्हणजे तास कसा घ्यायचा त्याचं लेखी नियोजन. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं त्याचा मला फार मोठा आधार झाला, रोज जाणाऱ्या बाईलाच कळेल ते. बसमध्ये मी पियाजे आणि वायगॉट्स्की वाचले, मुलं कशी शिकतात यावर काम केलेले मानसशास्त्रज्ञ. वायगॉट्स्कीचं ते मूल एकट्यानं काय करू शकतं आणि जाणत्याच्या मदतीनं काय करू शकतं यातलं अंतर, आणि ब्रूनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढं मांडलेली मदतीची कल्पना, म्हणजे इमारतीला बांबूची परांची बांधतात तशी, जी भिंत उभी राहिली की काढून घ्यायची असते. हे वाचताना मला माझी पोरं दिसायची. परांची बांधायला मी कधी कमी पडले नव्हते, काढायचं मात्र कधी सुचलंच नव्हतं.

आता मुख्य सांगायचंय ते सूक्ष्मपाठाचं. ज्यांनी बीएड केलंय त्यांना माहितीये, बाकीच्यांसाठी थोडक्यात, पूर्ण तास घ्यायच्या आधी एकेक कौशल्य सुटं करून त्याचा सहा मिनिटांचा पाठ घ्यायचा असतो, समोर विद्यार्थी म्हणून आपलेच वर्गमित्र. सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं त्यावर चर्चा, बारा मिनिटांत टाचण सुधारायचं, परत सहा मिनिटं शिकवायचं आणि परत सहा मिनिटं चर्चा, असं छत्तीस मिनिटांचं चक्र. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात साठच्या दशकात ही पद्धत निघाली. फलकलेखन, स्पष्टीकरण, चेतक बदल (म्हणजे आवाज, हालचाल बदलत मुलांचं लक्ष टिकवणं) ही कौशल्यं माझी व्यवस्थित झाली आणि मला वाटायला लागलं की मला हे येतंच, घरात दोन पोरं आणि सोप्यात अकरा शिकवलेली बाई मी.

मग प्रश्न कौशल्याचा पाठ आला. मी त्रिकोणाचे प्रकार घेतले. झाल्यावर मॅडमनी निरीक्षण तक्ता पुढं ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही सहा मिनिटांत चौदा प्रश्न विचारले. त्यातल्या नऊ प्रश्नांची उत्तरं तुम्हीच दिली." मी म्हणाले मॅडम, कुणी बोलतच नव्हतं. त्या म्हणाल्या, "तुम्ही बोलू कुठं दिलं?" शेजारच्या पोरीनं मोबाईलवर रेकॉर्ड केलं होतं ते ऐकलं. खरंच. प्रश्न संपतोय न संपतोय तोवर माझा आवाज परत सुरू, "कोणता त्रिकोण? हां, समद्विभुज, बरोबर?" आणि सगळे हो म्हणतायत. मॅडमनी मेरी बड रोव या अमेरिकन संशोधक बाईंचं काम सांगितलं, त्यांनी विज्ञानाच्या तासांचं रेकॉर्डिंग ऐकून काढलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तेच तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं मोठी होतात, जास्त मुलं बोलतात, एरवी गप्प बसणारीसुद्धा. तीन सेकंद म्हणजे काय एवढं, असं वाटेल. परतच्या पाठात मी ठरवून थांबले. छातीत धडधडत होतं, वर्गात इतकी शांतता की पंख्याचा आवाज येत होता, मला वाटलं अर्धा मिनिट झाला. नंतर कळलं चार सेकंद होते.

त्या दिवशी घरी आले तर मुलगा वजाबाकी करत बसलेला, तिसरीत होता. हातच्याची, तीनशे दोन वजा एकशे पंचेचाळीस. दशक स्थानी शून्य आल्यावर तो अडकला आणि माझा हात त्याच्या पेन्सिलीकडं गेला. गेलाच. पेन्सिल माझ्या हातात आली आणि तेव्हा माझं लक्ष गेलं त्याच्या बोटांकडं, मी हात पुढं केल्याबरोबर त्यानं बोटं आपणहून सैल केली होती. न भांडता. म्हणजे त्याला माहीत होतं की आई घेणार. किती महिने, किती वर्षं चाललं असेल हे. माझ्या मनात आलं की ही माझी मोठी चूक आहे आणि मी तिला आजपर्यंत माया समजत आले. पेन्सिल परत दिली आणि म्हणाले शून्यातनं हातचा कसा घ्यायचा, तू बघ, मी बसलेय इथं. तो माझ्या तोंडाकडं बघत बसला बराच वेळ, मग म्हणाला शंभराची नोट मोडायला लागेल. मी त्याला नोटा-सुट्ट्यांचं कधी सांगितलं नव्हतं. दुकानात आजीबरोबर जाऊन त्याचं त्यानं जोडलं होतं.

सगळं असं गोड झालं असं नाही. आमच्या अभ्यासक्रमात तासांना ८० टक्के हजेरी लागते आणि शालेय आंतरवासितेला ९० टक्के. आंतरवासिता म्हणजे प्रत्यक्ष शाळेत जाऊन काम, दोन वर्षांत मिळून वीस आठवडे, पहिल्या वर्षी चार आणि दुसऱ्या वर्षी सोळा. त्या सोळा आठवड्यांत मुलाला ताप आला, तीन दिवस उतरेना. दोन दिवस मी राहिले, तिसऱ्या दिवशी माझे पाठ लागलेले आणि हजेरीचा हिशोब काठावर, म्हणून आत्याबाईंच्या मांडीवर त्याला ठेवून गेले. बसमध्ये खिडकीकडं तोंड करून बसले होते. आणि लेकीचं स्नेहसंमेलन चुकलं, तिचा लेझीमचा कार्यक्रम होता, ती पुढच्या ओळीत होती. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. नंतर बोलायला लागली पण त्या दिवसाचा विषय निघाला की अजून तिचा चेहरा बदलतो, आणि मी तिला कधी म्हणत नाही की मी तुमच्यासाठीच करत होते. कारण ते खरं नाही. मी माझ्यासाठी करत होते. हे तिला मी स्पष्ट सांगितलंय आणि मला वाटतं तिला ते सांगितलेलं आवडलं.

आंतरवासितेतला एक तास मात्र सविस्तर सांगते. सहावीचा वर्ग, अपूर्णांकांची बेरीज, छेद वेगळे असताना. फळ्यावर लिहिलं १/२ + १/३ आणि विचारलं किती? आणि थांबले. मागच्या बाकावरनं एक मुलगा म्हणाला दोन छेद पाच. चार-पाच जण हसले. ही चूक सगळीकडं होते, अंश अंशात, छेद छेदात मिळवायचा, आणि पूर्वीची मी असते तर "नाही, आधी छेद समान करायचा" म्हणून पुढं गेले असते. मी फळ्यावर २/५ लिहिलं आणि विचारलं कसं काढलंस? परत थांबले. तो उभा राहिला, जरा वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "मॅडम, काल मी दोन बॉलात एक चौका मारला. नंतर तीन बॉलात एक मारला. मग पाच बॉलात दोन झाले की."

मला उत्तर सुचलं नाही. कारण त्याचं बरोबर होतं! दोन बॉलात एक आणि तीन बॉलात एक म्हणजे पाच बॉलात दोनच. मी वर्गाला तसं सांगितलं, याचं म्हणणं बरोबर आहे आणि पुस्तकाचंही बरोबर आहे, मग गडबड कुठं आहे ते उद्या शोधू. तास संपला. माझ्या टाचणात त्या तासाला पाच उदाहरणं सोडवून घ्यायची होती, एकही झालं नाही. पाठ बघायला आलेल्या सरांनी लिहिलं, "पाठ अपूर्ण. वेळेचे नियोजन नाही." आणि त्याच्याखाली लिहिलं, "विद्यार्थ्याच्या उत्तराचा उपयोग चांगला." दोन्ही शेरे मला मान्य आहेत. गुण कमी मिळाले त्या पाठाला.

रात्री मी कागदाच्या सारख्या लांबीच्या पट्ट्या कापत बसले, लेकीनं मदत केली. दुसऱ्या दिवशी प्रत्येक बाकावर पट्ट्या दिल्या, एक अर्ध्यात दुमडा, एक तीन भागांत, एक पाच भागांत. पाचातले दोन रंगवा आणि अर्ध्याशेजारी ठेवा. मी काहीच बोलले नाही. मग पुढच्या बाकावरची एक मुलगी, जी त्या पंधरा दिवसांत माझ्या तासाला एकदाही बोलली नव्हती, ती म्हणाली, "अर्ध्यात आणखी मिळवलं तर अर्ध्यापेक्षा कमी कसं होईल?" आणि मग तो क्रिकेटवाला स्वतःच म्हणाला, "पट्टी एवढीच राहते मॅडम, बॉल वाढत जातात." हेच तर आहे सगळं. त्याच्या हिशोबात 'पूर्ण' बदलत होतं, आधी दोन, मग तीन, मग पाच, आणि आपल्या बेरजेत पूर्ण तेच राहतं. मग सहा भागांची पट्टी केली, अर्धा म्हणजे तीन, तिसरा हिस्सा म्हणजे दोन, पाच छेद सहा. 'पट्टी एवढीच राहते' हे वाक्य मला बीएस्सीच्या पुस्तकात मिळालं नव्हतं, अकरा वर्षांच्या पोरानं दिलं.

मधेच एक धक्का बसला. ऑगस्ट २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला की पहिली ते पाचवीला शिकवायला बीएड चालणार नाही, त्याला डीएडच, म्हणजे प्राथमिक शिक्षकांची पदविकाच पाहिजे. आमच्या वर्गातल्या कितीतरी जणांची सगळी भिस्त प्राथमिकवर होती, त्या आठवड्यात कँटीनमध्ये कुणाचं कशात लक्ष नव्हतं. माझ्या मते लहान मुलांना शिकवण्याचं प्रशिक्षण वेगळंच असायला पाहिजे, निकाल मला पटतो. पण कोर्स अर्ध्यात असताना कळलं त्या पोरांचं नुकसान झालं हेही तितकंच खरं.

२०२४ ला बीएड पूर्ण झालं, शिवाजी विद्यापीठाचं. १० नोव्हेंबर २०२४ ला टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा दिली, पेपर दोन, गणित-विज्ञान. १५० पैकी खुल्या गटाला ९० लागतात, मला ९७ पडले. मग मे-जून २०२५ मध्ये टेट, म्हणजे ती अभियोग्यता चाचणी, दोनशे प्रश्न दोन तासांत, ती मला जड गेली, वेग कमी पडला. त्या गुणांवर पवित्र पोर्टलवरनं, म्हणजे शासनाच्या शिक्षक भरतीच्या वेबसाइटवरनं, भरती होते. लागलीच नोकरी तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक, जानेवारी २०२३ पासून त्याचं मानधन प्राथमिकला १६,००० आणि माध्यमिकला १८,००० झालंय, त्याआधी ६ आणि ८ हजार होतं. कुणी विचार करत असेल तर हे आकडे धरून घरात बोलून घ्या, बीएड झालं की लगेच पगार सुरू असं होत नाही.

सध्या मी गावातल्याच एका शाळेत तासिका तत्त्वावर आहे, पाचवी ते आठवी गणित. ऋण गुणिले ऋण आता मी पॅटर्ननं घेते, ऋण तीन गुणिले तीन, मग गुणिले दोन, एक, शून्य, उत्तरं प्रत्येक वेळी तीननं वाढत जातात, मग गुणिले ऋण एकला काय येईल ते पोरंच सांगतात. त्या लॉकडाऊनमधल्या पोरीला घरी बोलावून मुद्दाम दाखवलं, ती आता बारावीत आहे. ती म्हणाली काकू मला ते अजून तसंच पाठ आहे. मग तिनं कागद ओढून घेतला आणि ऋण तीनच्या पुढचं स्वतः लिहिलं.

लेक दहावीला आहे आणि मुलगा सहावीला, दुसऱ्या शाळेत. काल त्याच्या वहीत छेद समान करायची उदाहरणं होती, सगळी बरोबर. मी विचारलं छेद समान का करायचा रे? तो बराच वेळ बोलला नाही. आत्याबाई पलीकडं शेंगा फोडत होत्या, त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी काही बोलले नाही. अजून त्यानं सांगितलेलं नाही. पट्ट्या टेबलावर ठेवल्यात.